सतराव्या स्लाइडमधली किटली

मास्तरांनी शाळेत कधीच शिकवलं नव्हतं, पण सगळे त्यांना मास्तरच म्हणत. ज्या रस्त्याने अणुकचऱ्याचे ट्रेलर जातात त्या रस्त्यावरच्या गावांत जायचं, तिथल्या बंबवाल्यांना एका खोलीत बसवायचं आणि असा ट्रेलर उलटला तर काय करायचं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे एका दिवसात त्यांच्या गळी उतरवायचं, ही त्यांची नोकरी. निधी सरकारचा. प्रोजेक्टर, मीटर, स्लाइड सगळं सरकारी. मास्तरांचं स्वतःचं काय, तर विनोद.

सात वर्षांत एकोणचाळीस गावं झाली. हे चाळिसावं आणि यादीतलं शेवटचं. खरं तर नकाशावर हे गाव कचऱ्याच्या भांडाराला सगळ्यात जवळचं होतं, म्हणजे पहिला नंबर त्याचाच लागायला हवा होता. मास्तरांनी एकदा खात्यातल्या आपल्या साहेबांना तसं विचारलंही होतं. यादी वरून येते, असं उत्तर मिळालं. सरकारी यादीच्या फार खोलात शिरायचं नसतं, हे मास्तर नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते, आणि त्या शिकण्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

फायर स्टेशन छोटं, पण लख्ख. दोन बंब, दोन्ही पुसून चकचकीत. भिंतीवर खुंट्यांना ओळीने कोट टांगलेले आणि प्रत्येक कोटाखाली त्याचे बूट. स्टेशनची प्रमुख एक चाळिशीची बाई होती. तिच्याआधी तिचे वडीलच इथले प्रमुख होते, त्यामुळे जुनी माणसं तिला साहेब वगैरे न म्हणता ताई म्हणत आणि ती जुन्यांना काका. बंबाचा जुना ड्रायव्हर होता, त्याला सगळे किटली म्हणत. त्याने मास्तरांना आल्याआल्या चहा दिला, एका बाजूने चेपलेल्या ॲल्युमिनियमच्या किटलीतून. नाव कुठून आलं ते मास्तरांना उघडच कळलं, म्हणजे तसं त्यांना वाटलं. चहा झकास होता. त्यांनी दुसरा कप मागून घेतला.

सकाळचे तास मजेत गेले. चौदा माणसं खुर्च्यांवर अवघडून बसली होती. बंबवाल्याला खुर्चीवर बसवून शिकवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं, पण मास्तरांचा हात त्यात बसलेला होता. त्यांनी लेबलं शिकवली. पोलादी टाकीवर लेबल असतं. रिकामी असेल तर त्यावर ‘रिकामी’ असं लिहिलेलं असतं. भरलेली असेल तर वरचा अर्धा भाग पिवळा आणि त्याखाली लाल रेघा. दोन रेघा म्हणजे सांभाळून. तीन रेघा म्हणजे सगळ्यात जास्त, लांब राहा, वेळ मोजा, अंगावरचा कोट कितीही जाड असला तरी भरवसा ठेवू नका. सगळ्यांकडून त्यांनी ते तीनतीनदा म्हणून घेतलं. मग मीटर फिरवून दाखवलं. दोघातिघांनी ते ताईच्याच डोक्यावर धरायची परवानगी मागितली, तीसुद्धा हसली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

आणि सतरावी स्लाइड आली.

ही मास्तरांची हुकमी स्लाइड. एकोणचाळीस गावांत तिने हशा पिकवला होता. फोटोत एक आडवी पडलेली पोलादी टाकी, चिंब भिजलेले पाच बंबवाले तिला पाठ टेकून बसलेले, एकाने हातमोजे काढून दोन्ही तळवे टाकीवर टेकवलेले, आणि टाकीच्या वर, ऐटीत, एक चहाची किटली. खाली खात्याने छापलेलं होतं, ‘सराव. रिकामी टाकी. काय करू नये.’ मास्तर नेहमीचं वाक्य बोलले, की ही आपली वीरमंडळी, यांना वाटलं सरकारने शेकोटी पाठवली. मग ते हशासाठी थांबले.

हशा आला नाही. कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. मास्तरांना वाटलं, प्रोजेक्टर बंद पडला की काय, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. फोटो होता तिथेच होता. त्यांनी पुन्हा समोर पाहिलं तेव्हा दुसऱ्या रांगेतला ड्रायव्हर उभा राहिला होता.

“हात टेकलेला तो मी,” किटली म्हणाला. “किटली पण माझीच.”

मास्तर हसायला गेले आणि अर्ध्यातच त्यांचं हसू गळून पडलं. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, की म्हणजे सरावाला तुम्ही होतात का. किटलीने मान हलवली. सराव कसला, तो म्हणाला, वळणावर ट्रेलर उलटला होता, आठ वर्षं झाली. पहाटे फोन आला. डिझेल सांडलं होतं, त्याच्यावर पाणी मारता मारता सगळे नखशिखांत भिजले. थंडी अशी की दात वाजत होते. ट्रेलरबरोबर जी माणसं होती ती म्हणाली, टाकीत मेण आहे, घट्ट होऊ नये म्हणून गरम ठेवलंय, क्रेन येईपर्यंत इथून हलू नका. क्रेन यायला नऊ तास लागले. टाकी छान कोमट होती.

“आम्ही आळीपाळीने टेकत होतो,” तो म्हणाला. “मोठ्या साहेबांना आम्ही तिथेच झोपायला लावलं. त्यांना ताप होता ना.”

मोठे साहेब म्हणजे ताईचे वडील. फोटोत अगदी कडेला, मान छातीवर टाकून झोपलेला माणूस. मास्तर सात वर्षं त्या माणसाकडे काठी दाखवून म्हणत आले होते, हे तर चक्क सासुरवाडीला आलेत. आजही तेच म्हणणार होते. ते वाक्य त्यांच्या जिभेवर होतं आणि आता ते त्यांना गिळता येईना.

ताई उठली आणि आपल्या खोलीत गेली. परत आली ती एक चौकट घेऊन. तोच फोटो, पण मोठा आणि सगळ्या बाजूंनी पूर्ण. अपघातानंतर वर्षभराने खात्याकडून शाबासकी म्हणून आला होता. वडिलांनी तो टेबलासमोर लावला, ते चार वर्षांपूर्वी रक्ताच्या आजाराने गेले, आणि तिने तो हलवला नाही. खात्याने स्लाइड करताना उजवी कड कापली होती. चौकटीत ती कड शाबूत होती आणि तिच्यात टाकीचं टोक आणि त्यावरचं लेबल दिसत होतं.

तिने चौकट पहिल्या रांगेतल्या सगळ्यात नव्या माणसाच्या हातात दिली. तो मास्तरांसारखाच सावकाश, बोट ठेवून वाचू लागला, सकाळी शिकल्याप्रमाणे. वर पिवळं. खाली रेघा. एक. दोन. तीन. मग त्याने मान वर केली आणि बरोबर का, असं मास्तरांना विचारलं. वर्गात विचारतात तसं.

“बरोबर,” मास्तर म्हणाले. याहून वाईट शब्द आपण आयुष्यात उच्चारला नाही असं त्यांना वाटलं.

ते फोन घेऊन बाहेर गेले. बंबांच्या मधल्या जागेत उभं राहून त्यांनी साहेबांना गाठलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं साहेबांच्या पायाखालची जमीन सरकेल. साहेब फक्त जरा वैतागले. ती स्लाइड तिथे दाखवायची नव्हती, ते म्हणाले, तसं टिपण पाठवलं होतं, तुम्ही टिपणं वाचत नाही. मास्तरांनी विचारलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? साहेबांनी सुस्कारा सोडला, लहान मुलाला समजवावं तसा.

“अहो, त्या अपघातानंतरच तर हा निधी मंजूर झाला. त्यांच्यामुळेच तुमची नोकरी आहे. आणि म्हणूनच ते गाव शेवटी ठेवलं होतं, पहिल्याच वर्षी त्यांना लेबल वाचायला शिकवून काय करायचं होतं?”

पुढे त्यांनी सांगितलं की खरं तर पुढे या गावाला वगळायचंच ठरलं होतं, पण तपासणीत यादीतलं एक गाव राहिलेलं सापडलं आणि नाइलाज झाला. स्लाइड काढा, हजेरीवर सह्या घ्या, फॉर्म गोळा करा आणि संध्याकाळपर्यंत या. फोन बंद झाला. मास्तर बंबाच्या लाल पत्र्यात आपलंच तोंड बघत उभे राहिले. एकोणचाळीस गावं. एकोणचाळीस वेळा शेकोटी. ज्यांच्या जिवावर त्यांच्या घरची चूल पेटत होती त्यांनाच ते गावोगाव जाऊन हसत होते. त्यांना स्वतःची किळस आली.

आणि मग त्यांना दुसऱ्या कपाची आठवण झाली. सकाळचा चहा त्याच चेपलेल्या किटलीतला होता. टाकीला टेकलेली वस्तू काही किरणं साठवून ठेवत नाही, हे त्यांनी आजच सकाळी छातीठोकपणे सांगितलं होतं. पण टाकीला बाहेरून काही लागलेलं असलं तर? पाय त्यांना स्टेशनच्या छोट्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. त्यांनी मीटर चालू केलं आणि किटलीच्या बुडाला, चोचीला, झाकणाला धरलं. काटा जागचा हलला नाही. किटली निर्मळ होती. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि ते वळले, तर दारात ड्रायव्हर उभा.

किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने किटलीकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं. रागावला नव्हता, तेच जास्त लागलं.

“किटली मोजलीत,” तो म्हणाला. “आम्हाला कुणी मोजलं नाही हो, मास्तर. मला पण लावा की ते.”

मास्तरांनी मीटर खाली ठेवलं. खोटा दिलासा द्यायला यंत्र फार सोयीचं होतं. छातीला लावलं असतं, काटा हलला नसता, ड्रायव्हर खूश होऊन गेला असता, आणि मास्तर संध्याकाळपर्यंत साहेबांपुढे. क्षणभर त्यांचा हात तिकडे गेलासुद्धा. पण त्यांनी सांगून टाकलं, की आता लावून उपयोग नाही. किरणं येतात आणि आरपार जातात, आठ वर्षांनी मीटरला काही सापडत नाही. मोजायचं ते त्या दिवशी. रक्त तपासायचं ते त्या आठवड्यात. तीन रेघांच्या टाकीला नऊ तास टेकणं म्हणजे एखादे वेळी अणुकेंद्रातल्या कामगाराला वर्षभरात चालतात तेवढी किरणं एका दिवसात, एखादे वेळी कमी. टाकी आपटून कुठे चिरली असेल तर कितीतरी जास्त. आणि मोठ्या साहेबांचा आजार त्यातूनच आला की नाही, हे आता देवालाही सांगता यायचं नाही.

“म्हणजे कधीच कळणार नाही,” किटली म्हणाला.

“नाही.”

ड्रायव्हरने आपले दोन्ही तळवे वर करून पाहिले, उलटे करून पाहिले. मग त्याने किटली उचलून फडक्याने पुसली आणि जागेवर ठेवली.

खोलीत सगळे तसेच बसले होते. मास्तरांनी फोनवर जे ऐकलं ते शब्दन् शब्द सांगितलं, यादीचं, निधीचं, लेबलाचंही. शिवी कुणी दिली नाही. एक जण फक्त म्हणाला, की आमच्यामुळे एकोणचाळीस गावं शिकली आणि आम्हीच अडाणी राहिलो. ताई चौकट मांडीवर घेऊन बसली होती.

दिवसाचा शेवटचा धडा फॉर्म भरण्याचा होता. त्याला संपर्क नोंद म्हणत. टाकीजवळ गेलेल्या प्रत्येकाने तारीख, जागा, किती वेळ, किती अंतरावर, हे लिहायचं. प्रशिक्षणात लोक मनचे आकडे घालत, मास्तर खाली सही करत आणि गठ्ठा खात्यात जाई. हे फॉर्म पोचल्याशिवाय निधीचा पुढचा हप्ता सुटत नसे, म्हणून प्रत्येक कागदावर त्याच दिवशी आवक नंबर पडे आणि त्याची प्रत स्टेशनला परत येई. एकदा नंबर पडला की तो कागद नव्हताच असं मंत्र्यालाही म्हणता येत नसे. मास्तरांना ही भानगड सात वर्षं कटकटीची वाटत आली होती.

त्यांनी गठ्ठा उघडला आणि म्हणाले, “आज मनचं काही लिहायचं नाही. त्या दिवशी जे तिथे होते त्यांनी त्या दिवसाचं लिहा.”

सहा जण पुढे आले. पेनं खिशातून निघाली. किटलीला अंतराच्या रकान्यात काय घालावं कळेना, त्याने मान वर करून विचारलं. मास्तरांनी सांगितलं, शून्य. तो ते शून्य गोल, नीट गिरवत बसला.

प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर जाड अक्षरात छापलेलं होतं, ‘फक्त सरावासाठी.’ मास्तरांनी खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या कागदावरची ती ओळ खोडली. बाजूला पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख घालून सही केली. मग दुसऱ्या कागदावर. नोकरी जाणार हे त्यांना त्या सहीतच दिसत होतं, तरी अक्षर त्यांनी ठळक, वाचता येईल असं काढलं. सहा झाले.

ताई टेबलाशी आली आणि तिने अजून एक फॉर्म मागितला. उभ्याउभ्याच भरला. वेळ, नऊ तास. अंतर, शून्य. सध्याच्या प्रकृतीच्या रकान्यात तिने वडिलांच्या मृत्यूची तारीख लिहिली. मग ती शेवटच्या ओळीवर अडली. तिथे संबंधित व्यक्तीची सही हवी होती.

“इथे काय करू?” तिने विचारलं.

मास्तरांनी कागद आपल्याकडे ओढला, वरची ओळ खोडली, आपली सही केली, आणि तिच्या वडिलांच्या सहीची जागा मोकळी ठेवून तो सहा कागदांच्या वर ठेवला.