नागसेनच्या पोटऱ्या

पोटऱ्या बघून पैलवान निवडायची रीत ज्यानं काढली, त्याचं वाटोळं होवो. आमच्या हळ्ळीखेडच्या तालमीत हीच रीत. पोरगं चार-पाच वर्षाचं झालं की वस्ताद त्याला उभं करतेत, मागून पोटऱ्या दाबून बघतेत अन् भरल्या पोटरीच्या पोराला मातीत घेतेत. वस्ताद म्हणजे आमच्या घरचेच. ज्ञानोबा पैलवान म्हणलं की पार भालकीपतोर मान हाय. अन् आमच्या नागसेनच्या पोटऱ्या तर अशा टचटचीत की बघायला गल्ली गोळा व्हायची. कल्लप्पा दुकानदार मुद्दाम बोलवून दाबायचा अन् म्हणायचा, "चांगुणाक्का, हे तुमच्या नवऱ्याच्या वर जातंय बघा."

मला तवाच खटकत होतं. पोटऱ्या पैलवानाच्या अन् पोरगं चालताना अडखळायचं. सात वर्षाचं झालं तरी बसल्या जागेवरून उठताना आधी हात भुईला टेकायचं, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, असं आपल्याच अंगावर चढत उभं राहायचं. मी म्हणले, "अहो, ह्याला कुठं दाखवा की." हे म्हणले, "आळस हाय. तुला तालमीतलं काय कळतंय? बैठका वाढवतो, मग बघ." मी काय गप बसणारी न्हाई, कडाकडा भांडले. पण पोराचाच जीव तालमीत. ह्यांनी, त्याच्या अप्पांनी, एकदा शाबास म्हणावं म्हणून रडत रडत बैठका घालायचं.

यंदा त्याला शाळेचा ओटा चढता येईना, तवा कुठं हे हलले. आम्ही गुलबर्ग्याच्या दवाखान्यात गेलो. तिथं डॉक्टर सोमशेखर म्हणून हायत, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतेत. त्यांनी मांडीतल्या मांसाचा एवढासा तुकडा काढून तपासायला दिला, अन् निकाल आल्यावर परत बोलवले. त्या दिशी नागसेनला बाहेर बाकड्यावर बसवून आम्हा दोघांनाच आत घेतले.

हे बसल्या बसल्या म्हणले, "साहेब, खुराक कमी पडायलाय का? बदाम वाढवतो."

डॉक्टरनं माझ्या पिशवीतला कंगवा मागितला, आपल्या खिशातला काढला, अन् दोन्हीचे दात एकात एक घातले. म्हणले, "पैलवान, मांसाच्या एकेका धाग्यात अशा बारक्या बारक्या खोल्या असतेत, एकीला लागून एक. सार्कोमिअर म्हणतेत त्याला. खोलीच्या दोन्ही भिंतींला बारीक तंतू, मधी जाड तंतू. जाड तंतू बारक्यांला धरतेत, ओढतेत, सोडतेत, अन् फुडं धरतेत. आडातून पाणी शेंदतो न्हाई, तसं. तंतू काय आखूड होत न्हाईत. एकात एक सरकतेत, भिंती जवळ येतेत, अन् तुमचा दंड फुगतो."

"मग आमच्या पोराचे तंतू ओढंनात काय?"

"ओढायलेत की. चांगले ओढायलेत. पण ती ओढ धाग्याच्या सालीला सोसली पाहिजे, म्हणून आतून तिला एक टेका असतो. तो टेका ह्याच्या अंगात तयारच होत न्हाई. जन्मापासून न्हाई. म्हणून ओढ बसली की साल फाटते. फाटून फाटून धागा मरतो अन् त्या जागी चरबी भरते. पोटऱ्या दिसतेत त्या चरबीच्या."

ह्यांचं तोंड उतरलं. हळूच विचारले, "अन् बैठका?"

डॉक्टर म्हणले, "रोग तुम्ही दिला न्हाई. पण बैठकीत खाली जाताना मांडी ओढतबी असती अन् ताणलीबी जाती. तवा सगळ्यात जास्त फाटतं. आता बंद करा."

"बंद केल्यावर बरा होईल?"

"न्हाई. औषध न्हाई ह्याला. अजून तीन-चार वर्ष चालंल. मग चाकाची खुर्ची. श्वासबी मांसानंच घ्यावा लागतो, पैलवान. विशीच्या फुडं लई कमी पोरं जगतेत."

परतीच्या बसमधी नागसेन माझ्या मांडीवर झोपला. मला ह्यांचा गळा धरावा वाटत होता. दोन वर्ष घसा कोरडा करून सांगायले होते, कामून ऐकले न्हाईत? पण ह्यांच्याकडं बघितले अन् माझ्यानं तेबी झालं न्हाई. हुमनाबादच्या स्टँडवर कुणीतरी "रामराम वस्ताद" म्हणलं, तर ह्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिशी सकाळी पोरगं लंगोट लावून दारात तयार. हे ओट्यावर बसून होते. म्हणले, "आजपून बैठका बंद. तालमीत येऊ नगंस."

"कामून अप्पा?"

अंगातलं मांस फाटतं म्हणून सांगावं, तर पोरगं विचारणार, मग शिवून कवा देणार? कामचुकार पोरांला हे असंच तालमीतून हाकलायचे, ते त्यानं लई बारी बघितलेलं. त्याला वाटलं आपल्यालाबी काढलं. त्यानं तिथंच अंगणात बैठक घातली. खाली गेला अन् अडकला. मग गुडघ्यावर हात, मांडीवर हात, असा कसाबसा वर आला. कपाळाला घाम. "बघा अप्पा, आज हात कमी लावलो," म्हणला, अन् परत खाली जायला लागला.

ह्यांनी धावत जाऊन त्याला काखेत धरून वर उचललं, अन् तसंच अधांतरी धरून ठिवलं. खाली सोडावं तर परत बैठक घालणार. न्हाई सोडावं तर पोरगं पाय झाडून रडायलंय. मी दोघांपाशी जाऊन उभी राहिले.

"सोडा की अप्पा," नागसेन म्हणायला, "उद्यापून दुप्पट घालतो. मला काढू नगा."