चिनी देवाचे ओठ

"हलले! देवाचे ओठ हलले!"

लिऊ डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यांवरून माना उंचावत होते. चुलीवरच्या भिंतीला डकवलेल्या कागदी चिनी देवाचे ओठ खरोखरच वळवळत होते.

साल छप्पन्न. तेव्हा गोंदियाच्या स्टेशनाजवळ या चिनी डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता आणि मागे त्यांचं घर. त्या दिवशी त्यांचं नवं वर्ष. लिऊबाईंनी दाराला लाल कागद लावले होते, शेजारीपाजारी संत्री वाटली होती. संत्री घ्यायला आलेल्या कुणाला तरी उदबत्तीच्या धुरात देव बोलताना दिसला आणि दुपारपर्यंत निम्मा बाजार आत शिरला. सगळ्यांच्या पुढे दुलीचंद महाराज. कालपर्यंत हा गृहस्थ मंत्रानं सापाचं विष उतरवायचा. आज त्याला एकाएकी चिनी भाषा येऊ लागली होती.

शेजारच्या निर्मलाबाई, मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका, गलका ऐकून आल्या. दवाखान्याच्या बाकावर कामठ्याची रुख्मा लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. सात-आठ वर्षांच्या शामकलाचा गाल इतका सुजला होता की एक डोळा मिटून गेला होता. अंग तापानं फणफणलेलं.

"काऊन वं, डॉक्टरांनी पाहिलं नाही?"

"दात काढा लागते म्हणत होते, बाई. पण महाराज म्हणून राहिला, आज लोखंड लावलं तं पोरगी हातची जाईल. देवच सांगून राहिला म्हणे."

निर्मलाबाई तडक आत गेल्या. महाराजांनी धुपाटणं देवाच्या तोंडाजवळ ओवाळलं.

"हे चीन देश के महाराज! हुं चुं फट् स्वाहा! पोरीले लोहा लावू का?"

ओठ थरथरले.

"ना बोलले! नारळ आणा, भस्म घ्या!"

असली चिनी लिऊबाईंनी जन्मात ऐकली नव्हती. पण वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात वाकडा शब्द निघाला तर वर्षभर भांडणं होतात, अशी त्यांची समजूत. म्हणून त्या सगळ्यांना हसून संत्री देत होत्या. डॉक्टर मात्र घाम पुसत होते.

"मास्टरनीजी, आज हम लोग भी छुरी-कैंची नहीं छूते," ते हळूच म्हणाले. "कुछ हो गया तो?"

"ते मग पाहू. देवाच्या ओठांना हे काय चकाकतंय?"

"शहद," लिऊबाई म्हणाल्या. वर्ष संपताना चुलीचा देव घरची खबर द्यायला वर जातो. त्यानं गोड बोलावं म्हणून आधी तोंड गोड करायचं, मग चित्र जाळून नवं लावायचं. यंदा कलकत्त्याहून नवं चित्र आलंच नाही, म्हणून जुनंच राहिलं. आणि आज झाडपूसही नाही. नशीब झाडलं जातं ना!

"म्हणजे देव आत्ता कुठे आहे?"

"ऊपर. चार दिन बाद आएगा."

निर्मलाबाईंना हसू आवरेना. "अहो महाराज, देव तर घरी नाही म्हणे! मग बोलतो कोण?"

लोक खो खो हसले.

"सूक्ष्म रूपानं, बाई! सूक्ष्म रूपानं!"

"असेल. जरा धुपाटणं बाहेर ठेवून विचारा."

महाराजांनी विचारलं. पुन्हा विचारलं, आवाज चढवून. ओठ ढिम्म.

डॉक्टरांनी न सांगता दात बघायचा गोल आरसा आणला. "ये तो औजार नहीं, आईना है." निर्मलाबाईंनी मागच्या दारातलं ऊन त्यात धरलं आणि कवडसा देवाच्या तोंडावर टाकला.

मुंग्या! तांबूस, बारीक, मधाला घट्ट चिकटून बसलेल्या. निर्मलाबाईंनी धुपाटणं परत आणून धूर सोडला मात्र, सगळ्या सैरावैरा धावू लागल्या. देव पुन्हा बोलू लागला!

"मुंग्यांच्या रूपानं देवच..." महाराज सुरू झाले.

"चूप रे!" दारातून रुख्मा कडाडली. "मुंगीले इचारून मी पोरगी मारू काय? डॉक्टर, काढा तो दात!"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. हात अजून मागेच.

"आज के दिन रोना भी अच्छा नहीं," ते पुटपुटले.

"बच्ची तो सुबह से रो रही है," लिऊबाई म्हणाल्या आणि चिमट्यांचा खण त्यांनी स्वतः उघडला.

दात निघाला, पू वाहून गेला. उन्हं कलेपर्यंत शामकलाचा मिटलेला डोळा किलकिला झाला आणि तिनं भात मागितला. महाराज कधी सटकले कुणाला कळलंही नाही.

गर्दी रेंगाळत होती. निर्मलाबाई पायरीवर उभ्या राहिल्या.

"देवाचं तोंड गोड करा, दाराला लाल कागद लावा, सण आहे, कोण नाही म्हणतं? पण भिंतीवर काही हललं तर आधी जवळ जाऊन पाहा. आणि पोर तापानं तळमळत असेल, तर भिंतीला काय विचारता? तिला डॉक्टरांकडे न्या!"