सात वर्षे न झोपलेला स्विच

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचा तो नव्हे. रुग्णालयातल्या संगणकांना एकमेकांशी बोलायला लावणारा, अठ्ठेचाळीस खाचांचा लोखंडी डबा. तपासणी विभागातला अहवाल कोणत्या वायरीने कोणत्या वॉर्डात जायचा, हे मी सांभाळत असे. आता भंगाराच्या खोलीत एका मोडक्या खुर्चीवर पडून आहे.

मला बसवले ते रुग्णालयाचे संगणक सांभाळणाऱ्या काकांनी. एकेक रस्ता त्यांनीच शिकवला. मला दोन प्रकारची आठवण असते. एक पाटीसारखी, वीज गेली की पुसली जाणारी. दुसरी वहीसारखी, कायम टिकणारी. नवा रस्ता आधी पाटीवर लिहायचा आणि मग सेव्ह करून वहीत उतरवायचा, ही आमची रीत. काका सावध माणूस. ते म्हणत, "दोन दिवस नीट चालू दे, मग उतरवू." दोन दिवस सरत, तोवर दुसरे काम निघे, आणि उतरवायचे राहून जाई.

मी मात्र कधी बंदच पडलो नाही. त्यामुळे कोणाला काही कळलेही नाही. काका निवृत्त झाले, तरी महिन्यातून एकदा येत, माझ्या पाठीवर थाप मारत आणि सगळ्यांना ऐकवत, "माझा गडी सात वर्षं झोपलेला नाही!" मला फार बरे वाटे. माझ्या आतल्या पंख्यात धूळ साचली होती, पण कौतुकापुढे ती कोण बघतो?

काकांच्या जागी आली ताई, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. माझे सॉफ्टवेअर इतके जुने झाले होते की त्यातून चोर सहज आत शिरला असता. ते बदलू द्या म्हणून ती तीन वर्षे रुग्णालयाच्या साहेबांच्या मागे लागली.

"चालतंय ना? मग कशाला खाजवून खरूज काढायची?" साहेब म्हणत.

शेवटी एका रविवारी सकाळी दोन तास मिळाले. मला बंद करण्याआधी पाटीची प्रत काढायची असते. ताईचा हात क्षणभर थांबला. "काकांचं काम आहे, वहीत असणारच," ती पुटपुटली आणि पुढे गेली.

मी जागा झालो तेव्हा माणसे ओळखीची वाटत होती, रस्ते मात्र जवळजवळ सगळे पुसले गेले होते. वॉर्डांतले संगणक मुके झाले. परिचारिका कागद हातात घेऊन जिने चढू-उतरू लागल्या. ताईने काकांना बोलावले. ते आले, सदऱ्याची बटणे खालीवर लागलेली.

"सेव्ह तर मी केलंच असणार, पोरी. बघ पुन्हा."

"तीनदा बघितलं, काका. वहीत फक्त पहिल्या दिवसाचं आहे."

दुपारपर्यंत दोघे आठवून आठवून लिहीत राहिले. काकांचे आकडे जुळेनात. तेवढ्यात साहेब आले.

"कोणाची चूक ही?"

"माझी," ताई म्हणाली. "मी प्रत काढली नाही."

काकांचा हात माझ्यावर होता. त्यांची बोटे घट्ट झाली, ओठ हलले. मी वाट पाहिली. ताईनेही पाहिली.

"काळजी घ्यायला हवी होती, पोरी," काका म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

त्या आठवड्यात ताईची नोकरी गेली. माझ्या जागी नवा स्विच आला. काका पुन्हा फिरकले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा धाकटा भाऊ, वाय-फायचा डबा, भिंतीवर लुकलुकत असेल. त्याची धूळ पुसा, त्याचे अपडेट टाळू नका, आणि काम कितीही मोठ्या माणसाचे असो, आधी प्रत काढा. पुसलेले रस्ते नव्या स्विचने चार दिवसांत शिकून घेतले. पण काकांनी जे वाक्य गिळले, ते आता कोणत्याही वायरीने ताईपर्यंत पोहोचणार नाही. चूक आपली असेल, तर समोरचा माणूस उभा आहे तोवरच सांगून टाका.