उडून गेलं म्हणून सांगा

कंपाउंडरबाईंचा राग नाकावर असतो, हे जनावरांच्या दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. कुत्री मुकाट सुई टोचून घेत, कुरकुर करत ते त्यांचे मालक. बावीस वर्षांत तीन डॉक्टर आले, पण बाई त्याच राहिल्या.

उन्हं तापायला लागली आणि पक्ष्यांची पिल्लं घरट्यातून बाहेर पडायला लागली, की हा राग दर दिवसाला एक पायरी चढे. कारण तेव्हा दवाखान्यात बुटांची खोकी येत. खोक्यात कापूस आणि कापसात पाय अडकलेलं पिल्लू. आणणाऱ्याच्या तोंडावर कुणाचा तरी जीव वाचवल्याचा आनंद. बाईंनी मग एका मोठ्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहून औषधांच्या खिडकीशेजारी टांगलं होतं: अंगावर पिसं असतील तर पिल्लू हरवलेलं नाही, ते उडायला शिकतंय. जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब जा, आई-बाप आसपासच असतात. पिसं नसतील तर उचलून घरट्यात ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. जखम असेल तरच आणा. चोचीत पाणी घालू नका. दूध, पाव, बिस्किट काहीही देऊ नका.

लोक ते वाचत, पण खोकं टेबलावर ठेवून झाल्यावर, आपला नंबर येईपर्यंत.

त्या दिवशी खोकं घेऊन आली ती एक शाळामास्तरीण. चौथीच्या वर्गाची शिक्षिका, तिशीतली, पदर खोचलेला, कपाळावर घाम. साळुंकीचं पिल्लू होतं. शाळेच्या नळांमागे शुक्रवारी सापडलं, मुलांनी वर्गात आणलं, तिने त्याचा प्रकल्पच केला. शनिवार-रविवार पिल्लू तिच्या घरी राहिलं, सोमवारी पुन्हा वर्गात आलं. पाळ्या लावल्या होत्या, दर तासाला एका मुलाने ड्रॉपरने दूध पाजायचं आणि दुधात भिजवलेला पाव भरवायचा. मंगळवारी सकाळपासून ते मान टाकायला लागलं, तेव्हा ती धावत आली होती.

बाईंनी पिल्लू हातात घेतलं. नाकपुडीशी दुधाचा बुडबुडा येत होता आणि फुटत होता. छाती दाबल्यासारखी वरखाली होत होती. अंगावर पिसं भरलेली, पंख पुरे झालेले. आणखी चार दिवसांत ते झाडावर गेलं असतं. डॉक्टरांनी दिव्याखाली ठेवलं, जमेल ते केलं. वीस मिनिटांत पिल्लू गेलं.

शिक्षिका बाहेर बाकावर बसली होती. कळल्यावर तिचे डोळे भरले. मुलं वाट पाहत असतील, म्हणाली, अडतीस मुलं. आता त्यांना काय सांगू? मग डॉक्टरांकडे बघून तिनेच विचारलं, बरं झालं आणि सोडून दिलं असं सांगितलं तर चालेल का?

डॉक्टर तरुण होते, स्वभावाने गोड, कुणाला नाही म्हणताना त्यांची जीभ जड व्हायची. ते म्हणाले, "उडून गेलं म्हणून सांगा. मुलंच आहेत."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांवर सगळं तयार होतं: दुधाने मेलंय ते, आणि अडतीस जणांनी आळीपाळीने मारलंय, आणि उद्या पुन्हा सापडलं तर पुन्हा मारतील. पण डॉक्टर बोलून चुकले होते. आणि दुसरं एक होतं. बाईंचा नवरा त्याच शाळेची बस चालवत होता, अकरा वर्षं. बाईंनी टेबल पुसायला घेतलं आणि पुसतच राहिल्या. शिक्षिका आभार मानून गेली. पिल्लू पिवळ्या पिशवीत गेलं, वापरलेल्या सुया-बोळ्यांच्या गाडीबरोबर.

आठवड्याने शाळेतून जाड पाकीट आलं. अडतीस आभारपत्रं, प्रत्येकावर चित्र. निळं आभाळ, पिवळा सूर्य, आणि मध्ये पंख पसरलेला पक्षी. 'आमचं पिल्लू बरं केल्याबद्दल धन्यवाद.' डॉक्टर इतके हरखले की त्यांनी दुपारीच चिकटपट्टी मागवून पत्रं भिंतीवर लावली. औषधांच्या खिडकीशेजारी जागा मोकळी दिसली त्यांना. म्हणजे बाईंच्या पुठ्ठ्यावर.

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, खाली काय लिहिलंय ते आता दिसत नाही."

डॉक्टर म्हणाले, "राहू दे हो ताई, किती प्रसन्न वाटतंय."

त्या प्रसन्न भिंतीखाली बाई आठ दिवस सुया उकळत बसल्या. एक पत्र मात्र वेगळं होतं. त्यात आभाळ नव्हतं, उडणारा पक्षी नव्हता. एक भिंत होती, भिंतीवर चोची उघडलेले दोन पक्षी होते आणि खिडकीच्या आत एक खोकं. खाली नुसतं लिहिलं होतं, 'ते रोज येत होते.' डॉक्टरांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बाईंनी ते पत्र दोनदा काढून वाचलं आणि परत लावलं. रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं आणि आमटीत मीठ कमी आहे एवढंच बोलल्या.

पुढच्या बुधवारी नवराच बोलला. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. बसमधल्या गमती सांगायची त्याची सवय. म्हणाला, आज बस नुसती दणाणून गेली होती. चौथीच्या पोरांना आणखी एक पिल्लू सापडलंय. टीचरने घरी नेलंय, उद्यापासून पुन्हा पाळ्या. मागचं कसं दुधाने ठणठणीत होऊन उडालं, तसंच हेही उडणार.

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. सांगताना आवाज चढत गेला, तसतसा नवरा बारीक होत गेला. शेवटी तो म्हणाला, "तू शाळेत जाणार."

"जाणार."

"मग आपल्या पायांनी जा. माझ्या बसमधून उतरलीस तर मी तुला ओळखत नाही."

सकाळी बाई निघाल्या तेव्हा तो बस सुरू करून दारात थांबला होता. त्याने पुढचं दार उघडलं. तिसऱ्या थांब्यानंतर म्हणाला, "एक काम कर, मुख्याध्यापकांना भेटून मग वर्गात जा." बाई म्हणाल्या, बरं. आणि शाळा आल्यावर सरळ वर्गात गेल्या.

चौथीचा वर्ग तळमजल्यावर होता. टेबलावर खोकं, कापूस, ड्रॉपर, आणि बशीने झाकलेली दुधाची वाटी. फळ्यावर पाळ्यांची नावं लिहून झाली होती. खोक्यातलं पिल्लू गळा फाडून ओरडत होतं, आणि बाईंना ते ऐकून पहिल्यांदा बरं वाटलं. ओरडायचं बळ होतं. पिसं पुरी, शेपटी अंगठ्याएवढी. सांडलेल्या दुधाने गळ्याची पिसं चिकटलेली.

शिक्षिकेने त्यांना ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला. कालपासून दोनदाच पाजलंय, ती घाईने म्हणाली, रात्री गरम राहावं म्हणून दिवा लावून ठेवला होता, मी स्वतः जागले. शिक्षिका वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. वाईट असती तर भांडण सोपं गेलं असतं.

कंपाउंडरबाईंनी वाटी उचलून खिडकीबाहेर ओतली.

"मुलांसमोर नको," शिक्षिका हळू आवाजात म्हणाली. "आपण बाहेर बोलू."

"बाहेर आपण एकदा बोललोय," बाई म्हणाल्या, आणि मुलांकडे वळल्या. "मागचं पिल्लू उडालं नाही. तुम्हाला खोटं सांगितलं. ते मेलं, आमच्या टेबलावर. पक्ष्याला दूध पचत नाही, आणि चोचीत ओतलेलं श्वासाच्या नळीत जातं. तसं त्याच्या छातीत गेलं."

शिक्षिकेने टेबलाची कड धरली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, एक वेणी सुटलेली, बोटांना शाई. ती रडत नव्हती, ती चिडलेली होती.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्याचे आई-बाबा भिंतीवर यायचे. चोचीत अळी घेऊन यायचे. मी टीचरना दाखवलं. टीचर म्हणाल्या, खाली बस, मध्ये मध्ये बोलू नकोस."

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका जाड्या मुलाने तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "सोमवारी माझी पाळी होती."

एवढंच म्हणाला आणि हुंदके द्यायला लागला. बाई इतका वेळ तोफेसारख्या उभ्या होत्या, त्या जरा हलल्या. त्याच्या बाकाशी जाऊन बसल्या. तुला कुणी सांगितलं नव्हतं, असं दोन-तीनदा म्हणाल्या. तो थांबेना. मग त्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्या उठल्या आणि म्हणाल्या, हे कुठे सापडलं ते मला कोण दाखवतंय?

सगळा वर्ग नळांमागे निघाला. कुंपणाला दाट झुडूप होतं. बाईंनी पिल्लू खांद्याएवढ्या उंचीच्या फांदीवर ठेवलं, त्याने नखांनी फांदी धरली की नाही ते पाहिलं, आणि सगळ्यांना परत वर्गात पिटाळलं. शिपायाला मांजरावर लक्ष ठेवायला सांगितलं. अडतीस मुलं खिडक्यांना चिकटली. शिक्षिका फळ्याजवळच उभी राहिली, एकटी, पाळ्यांच्या नावांखाली.

वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पिल्लू ओरडून ओरडून गप्प बसलं. कालपासून उचललेलं, आई-बाप निघून गेले असले तर? मग सगळ्या वर्गासमोर आपलेच दात आपल्या घशात. पाऊण तासाने भिंतीवर एक साळुंकी येऊन बसली. तिने कलकलाट केला, पिल्लाने त्याहून मोठा केला. साळुंकी निघून गेली. पुन्हा आली ती चोचीत काहीतरी घेऊन, मागे दुसरी. झुडपात शिरल्या आणि पिल्लाचा आवाज तोंडात घास गेल्यावर बंद होतो तसा बंद झाला.

सुटलेल्या वेणीची मुलगी म्हणाली, "ह्याच त्या." दुसरी म्हणाली, कशावरून? आणि खिडकीत भांडण जुंपलं.

बाई दवाखान्यात पोचायच्या आधी मुख्याध्यापकांचा फोन पोचला होता. परवानगीशिवाय वर्गात शिरून लहान मुलांना मरणाच्या गोष्टी सांगितल्या, दोन पालक आत्ताच येऊन गेले. डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा चिडले. ताई, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत, म्हणाले, माफीचं पत्र लिहून द्या. बाई म्हणाल्या, कशाची माफी तेवढं तुम्ही सांगा, मी लिहिते. डॉक्टरांना ते नेमकं सांगता येईना. संध्याकाळी नवरा घरी आला तो दमलेला. त्याला उद्यापासून लांबचा मार्ग दिला होता, पहाटे तासभर आधी निघायचं. तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि बाईंना वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी दवाखान्यात शिक्षिकेचा फोन आला. बाईंनी आवाज ओळखला आणि पदर खोचला. ही आता रडणार किंवा धमकी देणार.

शिक्षिकेने दोन्ही केलं नाही. तिचा आवाज थंड होता. "तुम्ही वर्गात म्हणालात, खोटं सांगितलं. कोणी सांगितलं ते नाही बोललात. तुम्ही तिथेच होतात. टेबल पुसत होतात."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तुम्हालाच विचारणार होते," शिक्षिका म्हणाली. "तुमच्या तोंडाकडे दोनदा बघितलं मी. तुम्ही बोलला असतात तर मी ऐकलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी ऐकलं असतं. दुसरं पिल्लू मी उचललंच नसतं. आणि आता वर्गात येऊन तुम्ही शूर झालात."

बाईंच्या ओठांवर तीन उत्तरं आली. डॉक्टर बोलले होते. नवऱ्याची नोकरी होती. भिंतीवर लिहिलेलं वाचायला तुम्हाला काय झालं होतं? तिन्ही खरी होती, आणि एकही बोलण्यासारखं नव्हतं.

"तो पहिल्या बाकावरचा मुलगा दोन दिवस दूध पीत नाहीये," शिक्षिका पुढे म्हणाली. "आणि सगळे विचारतायत, पहिलं पिल्लू पुरलं कुठे. त्यांना तिथे फुलं ठेवायची आहेत. काय सांगू?"

"पुरलं नाही," बाई म्हणाल्या. "दवाखान्याच्या कचऱ्याच्या गाडीत गेलं. ते जाळतात."

डॉक्टर आतून डोकावले. बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली.

"हे मी सांगणार नाही," शिक्षिका म्हणाली. "तुम्हीच येऊन सांगा. सोमवारी पहिल्या तासाला. आणि त्या दिवशी दवाखान्यात काय झालं तेही सगळं सांगा, तुमच्यासकट. मुख्याध्यापकांचं मी बघते."

बाईंना तिचा राग आला, डॉक्टरांचा आला, त्या दिवशी हातात धरलेल्या फडक्याचासुद्धा आला.

"येते," त्या म्हणाल्या, आणि फोन इतक्या जोरात ठेवला की बाकावरचं मांजर उडी मारून टेबलाखाली गेलं.