स्कोल म्हणताना हात कुठे होता?

एल्गबू गावाच्या सभागृहात त्या ऑगस्टच्या संध्याकाळी, झिंग्यांच्या वार्षिक मेजवानीला, मुंगीला शिरायला जागा नव्हती. वर कागदी चंद्र लटकत होते, डोक्यांवर कागदी टोप्या होत्या, मोठमोठ्या बाप्यांच्या गळ्यात लाळेरी होती आणि ताटांत शेपूच्या फुलांबरोबर उकडलेले लालबुंद झिंगे होते. एरवी झिंगे चोखण्याच्या आवाजापुढे दुसरं काही ऐकू येत नाही. आज मात्र झिंगे तसेच पडून होते आणि सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या संगणकाकडे वळल्या होत्या.

संगणकासमोर, काठीनं जमिनीखालच्या शिरा शोधून इलाज करणारा वाल्देमार बसला होता. एका हातानं तांब्याची दुबेळकी काठी हवेत गरगर फिरवत होता, दुसरा हात माउसवर. "नाडी बघतोय," म्हणाला.

"नाडी लागली का रे?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मंद आहे! काळी शीर! जमिनीखालून थेट या टेबलाखाली आलीये. व्हायरस मेला, पण त्याचा आत्मा इथंच घुटमळतोय!"

"आई गं!" अर्ध्या टोप्या थरथरल्या.

सभागृहाचा कारभार बघणारा सिक्स्टेन मान खाली घालून बसला होता. संगणकात व्हायरस शिरला तेव्हा त्यानंच तो अँटिव्हायरसनं काढला होता, आणि त्याच दिवसापासून इंटरनेट गुल. शेजारी ठेवलेल्या फोनवर त्याच वायफायनं सगळं झकास चालायचं. संगणक तेवढा रुसलेला. तेव्हापासून गाव सिक्स्टेनला ऐकवत होतं, "व्हायरसबरोबर इंटरनेटही झाडून टाकलंस की रे!"

गुनवोर वाल्देमारच्या अगदी शेजारी बसली होती. ती जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. दुसरा कुठला दिवस असता तर या काठीच्या नाचाला ती पोट धरधरून हसली असती. पण पलीकडे तिची धाकटी बहीण आस्ता बसली होती आणि आस्ताच्या मांडीवर तिच्या हृदयाच्या गोळ्यांची डबी होती.

"काळी शीर माझ्या पलंगाखालूनही गेलीये," आस्ता कुजबुजली. "गोळ्यांवर ती पोसते, असं वाल्देमार म्हणतो. आज संगणक बरा झाला की मीही बरी होणार. मग गोळ्या तळ्यात!"

"आस्ता, वेडीबिडी झालीस का? गेल्या हिवाळ्यात बसथांब्यावर कोसळली होतीस!"

"तुझं नेहमीचंच. तुला सगळं तराजूत घालून पाहिजे."

बहिणीच्या तोंडी लागणं गुनवोरला कधीच जमलं नव्हतं.

"आता सगळ्यांनी गायचं!" वाल्देमार गरजला. त्यानं पडदा स्वतःकडे वळवून घेतला. "वाईट किरण डोळ्यांत जायला नकोत. गा! आणि मग एकदिलानं स्कोल! त्या शक्तीनंच शीर तुटेल!"

गाण्याला आणि घोटाला नाही म्हणणारं माणूस एल्गबूत जन्मायचं आहे. टेबलं बडवत सगळ्यांनी गाणं म्हटलं, शेवटच्या ओळीला छप्पर हादरलं आणि पेले वर गेले. "स्कोल!"

आणि स्कोल म्हटलं की शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं, प्यायचं, पेला खाली ठेवण्याआधी पुन्हा डोळ्यांत बघायचं. मध्येच नजर वळवणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. सगळं गाव जोडीजोडीनं एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभं राहिलं. आस्ता सिक्स्टेनकडे वळली. गुनवोरच्या वाट्याला उरला वाल्देमार.

तिनं पेला उचलून त्याच्याकडे पाहिलं. तो बघेचना! पेला भरलेला, तसाच टेबलावर. गुनवोरचं टाळकं सटकलं. काय माणूस आहे! झिंगे आमचे खातो आणि स्कोलला डोळा देत नाही? ती पेला धरून तशीच ताटकळली, त्याची नजर कुठे अडकलीये ते पाहू लागली, आणि तिला त्याचा हात दिसला. सेटिंगची एक छोटी खिडकी, एक चौकोन, चौकोनात बरोबरची खूण. टिक. खूण गेली. टिक. खिडकी खाली सरकली.

"तुटली!" वाल्देमारनं पडदा सर्रकन फिरवला. इंटरनेट सुरू! टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत. कोणी वाल्देमारला मिठी मारली, कोणी झिंग्याला. आस्ता डबी घेऊन तळ्याकडच्या दाराकडे निघाली.

"आस्ता, थांब!" गुनवोर वर्गातल्या आवाजात ओरडली, आणि तिच्या हाताखालून गेलेलं अख्खं गाव आपोआप गप्प झालं. "हा स्कोलला माझ्याकडे बघत नव्हता."

"अरेरे!" एक आजोबा खरोखर दुखावले.

"आणि का बघत नव्हता, ते आता दाखवते." त्यानं खाली सरकवलेली खिडकी तिनं वर काढली आणि चौकोनात पुन्हा खूण केली. इंटरनेट गायब.

"वाल्देमार, जोड बघू. या वेळी गाणं नाही, स्कोल नाही. आम्ही सगळे फक्त तुझ्या हाताकडे बघतो."

वाल्देमारनं काठी उचलली, ठेवली, घाम पुसला. "शक्ती... शक्ती थकलीये."

"शक्ती कशाला, बोट लागतं! आस्ता, इकडे ये. बस. हा चौकोन दिसतो ना? त्यावर टिचकी मार."

"मी? माझ्यात कुठली सिद्धी?"

"मार तर!"

आस्तानं टिचकी मारली. इंटरनेट आलं. पुन्हा मारली, गेलं. पुन्हा मारली, आलं. तिसऱ्यांदा ती खुदकन हसली आणि मग सगळं सभागृह खो-खो हसत सुटलं.

"म्हणजे बाई, माझं चुकलं नव्हतं?" सिक्स्टेननं विचारलं. पन्नाशी उलटली तरी तो तिला बाईच म्हणायचा.

"नाही रे राजा. समज, घरात चोर शिरला आणि त्यानं दारात स्वतःची टपालपेटी लावली. तुमची सगळी पत्रं तिच्यात पडायची, तो वाचायचा, मग पुढे पाठवायचा. तू चोराला हाकललंस, छान केलंस. पेटी तेवढी राहिली. संगणक बिचारा अजून तिच्यातच पत्रं टाकत होता आणि ती उचलायला कोणी नव्हतं. ही खूण म्हणजे ती पेटी; खूण काढली की पत्रं थेट पुढे जातात. आणि वाल्देमार, तुला हे ठाऊक होतं. सरळ सांगितलं असतंस तर आम्ही तुला डोक्यावर घेऊन नाचलो असतो."

वाल्देमार काठी काखेत मारून दाराबाहेर सटकला. टोपी काढायचंही त्याला सुचलं नाही.

आस्ता मात्र हसायची थांबली होती. हातातल्या डबीकडे बघत ती हळूच म्हणाली, "मी खरंच टाकणार होते गं."

"माहीत आहे. मला फार भीती वाटली." गुनवोरनं तिचा हात घट्ट धरला. "गोळ्यांबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना विचार, दहा वेळा विचार, मलाही छळ. पण जो म्हणतो 'मी करतो, तुम्ही तिकडे बघा', त्याच्या हाताकडे आधी बघ."

आस्तानं गोळी काढली आणि पाण्याचा पेला उचलला.

"स्कोल," ती म्हणाली, आणि बहिणीच्या डोळ्यांत बघत गोळी गिळली. पेला खाली ठेवण्याआधी तिनं पुन्हा एकदा बघितलं.