मंगळवारचं मौन

मंजुळाबाईंचं सोमवारी मौन असे. सकाळी महादेवाला बेल वाहिल्यापासून संध्याकाळी देवापुढे दिवा लावीपर्यंत एक शब्द नाही. सोळा वर्षांत खंड नव्हता. त्या सोमवारी वेरूळचं दर्शन घेऊन देवपूरला घरी परततानाही त्या नव्या ऑटोमॅटिक गाडीत मागे, प्रसादाचा डबा मांडीवर धरून गप्प बसल्या होत्या. गाडी मुलगा योगेंद्र चालवत होता, शेजारी सून हेमांगी.

गाडी कन्नडचा घाट उतरू लागली. योगेंद्रचा पाय ब्रेकवरून निघेना. तिसऱ्या वळणावर जळका वास आला.

“अहो, ब्रेक तापलेत,” हेमांगी हळूच म्हणाली. “दांडा ‘एल’वर घ्या. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं.”

“गिअरच टाकायचे असते तर ऑटोमॅटिक कशाला घेतली असती?”

“घाटात टाकावे लागतात. माझे नाना तीस वर्षं...”

“पाचोऱ्याच्या ट्रकवाल्याची पोर मला शिकवणार!”

“मला काहीही बोला, पण मागे आई आहेत. घ्या ना एलवर!”

उलट्या हाताची चपराक बसली. हेमांगीचं डोकं काचेवर आपटलं, ओठ फुटला.

मंजुळाबाईंनी डोळे मिटून घेतले. नेहमीसारखे. भाकरी गार झाली म्हणून याने तिला पहिल्यांदा मारलं, तेव्हाही असेच मिटले होते. पण तो दिवस मंगळवार होता! सोमवारचं मौन महादेवाला वाहिलेलं. मंगळवारचं कोणाला?

“ब्रेक लागत नाही!” योगेंद्र ओरडला. पायाखालचा ब्रेक खचकन आत गेला. पुढे मालाने भरलेला ट्रक रांगत होता, डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. हेमांगीने दांड्याकडे हात नेला. त्याने तो पिरगाळला आणि पुन्हा मूठ उगारली.

मंजुळाबाईंनी मागून ती मूठ दोन्ही हातांनी धरली.

“योगेंद्र, हात खाले कर! ती काय सांगस ते आयक!”

सोमवारी आईचा आवाज! तो दचकला. तेवढ्यात हेमांगीने दांडा एलवर ओढला. इंजिन किंचाळलं, गाडीला मागून कोणी आवळल्यासारखा हिसका बसला. वेग तुटला. गाडी कठड्याऐवजी डोंगराला घासत गेली, आरसा उडाला, दार चेपलं, काचेचा चुरा अंगावर आला. ट्रकच्या हातभर मागे ती थांबली.

पुढच्या ट्रकचा चालक, हिलाल नावाचा, खाली उतरला. योगेंद्रच्या गाडीच्या चाकांतून धूर निघत होता. “भाऊ, ब्रेकवर पाय ठेईसन बठनात का? उतारवर इंजिनलेच गाडी धरू देनी पडस. ऑटोमॅटिक असो नाही तर आमना ट्रक!”

योगेंद्रने हेमांगीच्या ओठावरचं रक्त पुसायला हात पुढे केला. तिने झटकन दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जीव वाचवणारी बाई त्याच्या हाताला घाबरत होती! त्याचा हात तसाच राहिला. तो रडू लागला.

“रड,” मंजुळाबाई म्हणाल्या. “पण ऐकून ठेव. पुन्हा हा हात उठला, तर चौकीत तक्रार द्यायला मी तिच्याबरोबर येईन. साक्षही माझीच. आणि हेमांगी, मी आठ वर्षं गप्प राहिले. ते व्रत नव्हतं गं, भीती होती. मला माफ कर.”

हेमांगीने सासूबाईंच्या पदरातला काचेचा चुरा झटकला. योगेंद्रने किल्ली तिच्या मांडीवर ठेवली.

मायबहिणींनो, उतार सुरू होतानाच गाडी खालच्या गिअरला घ्या, ब्रेक जळेपर्यंत थांबू नका. आणि घरात हात उठताना दिसला, तर पहिल्याच थपडेला बोला. सोमवार असला तरी बोला. महादेव रागावणार नाही!