पाण्याच्या बोटीचा भोंगा

"तोंड वर करून आलीस परत?" धाकटी जाऊ दारातच आडवी उभी राहिली. "मागच्या खेपेला अख्खं बेट टेकडीवर चढवलंस, आणि इकडे वाळत घातलेली मासळी कुत्र्यांनी संपवली. लाट कुठाय, ताई? पदरात बांधून ठेवलीस की काय?"

गल्ली हसली. लाटेचा इशारा देणारा भोंगा थोरल्या जावेच्या ताब्यात, म्हणून सगळे तिला भोंगेवालीच म्हणत. हल्ली ते म्हणताना थुंकतही.

"अगं, या वेळी खरंच येतेय. इशारा केंद्रातून निरोप आलाय. पोरीला घे आणि चल."

"मग वाजव की भोंगा," जाळं विणता विणता दीर म्हणाला. "पगार कशाचा घेतेस?"

तोच तर वाजवता येत नव्हता. त्या फजितीनंतर पंचांनी ठरवलं होतं, की भोंगा नुसता गंजण्यापेक्षा पिण्याच्या पाण्याची बोट आली की वाजवावा. ती नको नको म्हणत राहिली, पण तिचं ऐकतो कोण? आता भोंगा वाजला की लहानथोर कॅन घेऊन धक्क्याकडे धावत सुटायचे. आज वाजवला असता, तर तिनेच त्यांना लाटेच्या तोंडी दिलं असतं.

तिने शेजारची दारं ठोठावली. एक धाडकन लागलं. दुसऱ्यातून खरकटं पाणी तिच्या पायांवर आलं. समोर धक्क्यालगतच्या होड्या चिखलात कलंडल्या होत्या. समुद्र मागे सरला होता.

ती परत फिरली. उंबऱ्यात खेळणारी जावेची पोर तिने काखेत मारली आणि टेकडीच्या वाटेने पळत सुटली.

"पोर पळवली! धरा तिला!"

जाऊ धावली, दीर वल्हं घेऊन धावला, मागोमाग ही गल्ली, पलीकडची गल्ली. दगड आले. एक पाठीत बसला. पोर भोकाड पसरून तिच्याच खांद्याला चावत होती. ऊर फुटेस्तोवर ती चढत राहिली. ती थांबली असती, तर सगळेच तिथे थांबले असते.

माथ्यावर जावेने तिला गाठलं. पोर हिसकावून घेतली, दुसऱ्या हाताने तिचे केस मुठीत धरले आणि तिला गुडघ्यांवर आणलं. "आज तुला जिवंत सोडत नाही."

तेवढ्यात खालून आवाज आला. वल्हं उगारलेला दीर तसाच वळला. धक्का पाण्याखाली गेला, मग गल्ली, मग पलीकडची गल्ली. पाठलाग करण्याइतका राग ज्यांना आला नव्हता, ती माणसं खालीच राहिली होती.

जावेने केसांतली मूठ सोडली नाही. फक्त तिचं ओढणं थांबलं.